व्हल्क की कप: स्केटबोर्डच्या बुटांच्या सोलची पारख

दुकानात बूट उलटा करायचा, तळाची नक्षी बघायची, अंगठ्याने दाबून "मऊ आहे" म्हणायचं आणि पैसे द्यायचे, ही आपली बूट घ्यायची जुनी रीत. चालायच्या बुटाला ती चालून जाते. स्केटबोर्डच्या बुटाला नाही, कारण हा बूट जमिनीपेक्षा पॉलिश पेपरवर जास्त झिजतो. डेकवर, म्हणजे बोर्डच्या फळीवर, चिकटवलेली ग्रिप टेप म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला साधारण ८० नंबरचा पॉलिश पेपरच. ऑली, म्हणजे बोर्डसकट उडी, मारताना पुढचा पाय करंगळीच्या बाजूने त्यावरून घासत वर जातो. तासाभरात पन्नास ऑली म्हणजे त्याच दोन बोटं रुंद जागेवर पन्नास वेळा कानस. म्हणून हा सोल बहुतेक वेळा तळातून जात नाही, कडेतून जातो. तळाची नक्षी कोरी करकरीत आणि करंगळीजवळ भोक, असे बूट स्केटरच्या घरात ढिगाने सापडतात.

दोन्ही बूट सारखे झिजत नाहीत, हेही आधीच सांगायला हवं. डावा पाय पुढे ठेवून उभं राहणाऱ्याच्या, म्हणजे रेग्युलर स्केटरच्या डाव्या बुटाची करंगळीकडची कड जाते. उजव्या पायाने तो पुश मारतो, म्हणजे जमिनीला रेटा देतो, आणि बहुधा तोच पाय जमिनीवर घासून ब्रेक लावतो, म्हणून उजव्या बुटाचा चवड्याखालचा तळ जातो. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचं, म्हणजे गूफीचं, नेमकं उलट. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात व्हॅन्सकडे एकच बूट सुटा विकत मिळायचा, ते याचमुळे. ती सोय आता नाही, त्यामुळे निवड करताना आपला कुठला बूट आधी मरतो ते जुन्या जोडावर बघावं. कड जात असेल तर सोलची बाजूची भिंत महत्त्वाची, तळ जात असेल तर रबराची जात महत्त्वाची.

आता घडण. बाजारात मुख्य प्रकार दोन: व्हल्कनाइज्ड आणि कपसोल. स्केटर त्यांना व्हल्क आणि कप म्हणतात.

व्हल्कमध्ये बुटाचा वरचा भाग साच्यावर ताणून बसवतात, खाली कच्च्या रबराचा तळ लावतात आणि भोवती हाताने रबरी पट्टी गुंडाळतात. या पट्टीला फॉक्सिंग म्हणतात. मग अख्खा बूट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला तासभर किंवा थोडा जास्त भाजला जातो. रबरात मिसळलेलं गंधक उष्णतेने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधतं आणि तळ, पट्टी, कापड सगळं एकजीव होतं. ही क्रिया चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली, पेटंट १८४४ चं. शाळेत पीटीला घालायचे ते पांढरे कॅनव्हासचे बूट मुळात याच घराण्यातले.

या भट्टीचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. एवढ्या उष्णतेत ईव्हीए नावाचा हलका फोम आकसतो, वेडावाकडा होतो. म्हणून व्हल्क बुटात तळाच्या आत जाड फोमचा थर देता येत नाही. जो काही मऊपणा असतो तो भाजून झाल्यावर आत सरकवलेल्या इनसोलमध्ये. याचा अर्थ, व्हल्क बुटाचा आराम हा जवळजवळ पूर्णपणे इनसोलचा आराम आहे, आणि इनसोल बदलता येतो.

कपसोल वेगळा. इथे रबराची वाटी आधीच प्रेसमध्ये घडवून घेतलेली असते, तळ आणि भिंत एकाच तुकड्यात. वाटीत ईव्हीए किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा थर बसतो, वरचा भाग चिकटवतात आणि मग भिंतीतून आरपार शिलाई मारतात. भिंत जाड, त्यात शिलाई, आत फोम. बूट जड होतो, पण उडी मारून खाली येताना टाच ठणकत नाही.

आरामाबद्दल बोलताना इथेच घोटाळा होतो, कारण स्केटिंगमध्ये आराम दोन प्रकारचा. एक उतरतानाचा: पाच पायऱ्यांवरून उडी मारली की टाचेला बसणारा धक्का किती मरतो. दुसरा बोर्डवरचा: पायाखाली डेकची कड, ट्रकचे (चाकांच्या धातूच्या आसांचे) बोल्ट, कॉन्केव्हचा (डेकच्या वर वळलेल्या कडांचा) उतार किती कळतो. याला सगळे बोर्ड फील म्हणतात. पहिला कपमध्ये जास्त, दुसरा व्हल्कमध्ये जास्त. पाय कुठे आहे ते नीट कळत नसेल तर किकफ्लिपचा (उडीत बोर्ड पायाने गरकन फिरवण्याचा) झटका चुकीच्या जागी बसतो आणि बोर्ड नडगीवर येतो, तेव्हा तोही आरामाचाच प्रश्न झाला.

व्हल्क पहिल्या दिवसापासून वाकतो. कप पहिला आठवडा-दोन आठवडे ताठ असतो आणि त्या काळात नवखा माणूस वैतागून तो कपाटात टाकतो. तसं करू नये. चवड्यापाशी हाताने पंचवीस-तीस वेळा वाकवून, घरात दोन दिवस घालून मग बोर्डवर चढावं. उलट व्हल्कचा हनिमून लवकर संपतो. महिन्याभरात तळ इतका सैलावतो की बूट पुरणपोळीसारखा लोळू लागतो. बाजूचा आधार जातो, पाय बुटात आडवा सरकतो आणि मग कडेवर आणखी ताण येतो. रोज दोन तास रस्त्यावर ऑली-किकफ्लिप करणाऱ्याच्या पायात व्हल्क साधारण दीड-दोन महिने टिकतो, चांगला कप तीन-चार. हे अंदाज आहेत. खडबडीत नव्या ग्रिप टेपवर दोन्ही आकडे सहज अर्ध्यावर येतात.

कप घेताना एक फसवणूक तपासायचीच. स्वस्त बुटांवर भिंतीत शिलाईची नक्षी नुसती साच्यातून उमटवलेली असते, दोरा नसतोच. ओळखायची रीत सोपी: इनसोल उपटून आत बोट फिरवा. खरी शिलाई असेल तर आतल्या कडेला दोऱ्याचे टाके हाताला लागतात. नसेल तर तो बूट फक्त डिंकावर उभा आहे. दुसरी गोष्ट, शिलाई खाचेत बुडालेली हवी. दोरा भिंतीच्या वर आलेला असेल तर ग्रिप टेप चार दिवसांत तो कापते आणि एक टाका तुटला की ओळ उसवत जाते. नवा बूट आणल्या आणल्या पुढच्या पायाच्या करंगळीकडच्या टाक्यांवर फेव्हिक्विकचे बारीक थेंब सोडावेत. दोरा कडक होतो आणि बराच काळ वाचतो.

व्हल्कमध्ये बघायचं ते पट्टीची उंची आणि थर. करंगळीजवळ दोन थर असतील तर उत्तम. पट्टी आणि कापड जिथे भेटतात ती रेघ नखाने हलकेच उचलून बघा. नव्या बुटालाच ती सुटत असेल तर चवडा वाकेल तशी ती पुढे सुटत जाणार.

रबराकडे वळू. पुश मारणाऱ्या पायाचा तळ किती टिकेल हे रबरावर ठरतं. मऊ रबर डेकला जास्त धरतं आणि लवकर झिजतं, हा सौदा टळत नाही. प्रयोगशाळेत झीज मोजायची पद्धत आयएसओ ४६४९: फिरत्या दंडगोलावर गुंडाळलेल्या एमरी कागदावर रबराचा तुकडा १० न्यूटन भाराने ४० मीटर घासतात आणि किती घन मिलिमीटर रबर गेलं ते बघतात. आकडा जितका कमी तितकं रबर चिवट. बुटाच्या खोक्यावर हा आकडा छापत नाहीत, ही खेदाची गोष्ट. टायरवर इतकं छापतात.

काळं रबर बहुधा जास्त टिकतं, कारण त्यातला कार्बन ब्लॅक झीज रोखतो. तपकिरी पारदर्शक गम सोल चांगला पकडतो अशी ख्याती आहे, आणि खऱ्या नैसर्गिक रबराच्या गमला ती शोभते. पण आज बरेचसे गम सोल हा नुसता रंग असतो. नख रुतवून बघा: खूण पडून लगेच भरून आली तर रबर जिवंत आहे. नख सटकलं, पृष्ठभाग चकाकता आणि प्लास्टिकचा वास येत असेल तर तो पीव्हीसी. फुटपाथवर 'स्केट शूज' म्हणून मिळणारे पुष्कळ बूट या जातीचे. ते टिकतात चांगले, पण ग्रिप टेपवरही पाय निसटतो, म्हणजे टिकून उपयोग काय?

नक्षीचंही तसंच. खोल खाचांचा तळ ट्रेकिंगला हवा. बोर्डवर जितकं रबर टेपला टेकेल तितकी पकड, म्हणून उथळ आणि सपाट नक्षी बरी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शहाबादी फरशीवर स्केट करणाऱ्यांना धुळीचा जास्त त्रास होतो. बारीक धूळ खाचांत बसते आणि तीच पुढे टेपवर जाते. दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने तळ पुसणं हा पकड परत मिळवायचा फुकटचा उपाय.

व्हॅन्सची वॉफल नक्षी ही या सगळ्याची जुनी साक्षीदार. कंपनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला सुरू झाली. सुरुवातीच्या तळावर नुसती चौकटीची नक्षी होती आणि ती चवड्यापाशी तडकायची. म्हणून तिथे उभ्या रेघा घालण्यात आल्या. वाकण्याच्या जागी रबराला वाकायची वाट द्या, एवढीच ती अक्कल. आजही कुठलाही सोल घेताना चवड्याखाली वाकण्याच्या रेषा आहेत का, ते बघण्यात शहाणपण आहे.

आता थेट बुटांवर येऊ.

व्हॅन्स ओल्ड स्कूल. १९७७ चं मॉडेल, व्हल्क. इथे एकच सूचना, पण पैशाची: साधा ओल्ड स्कूल आणि स्केट ओल्ड स्कूल हे दोन वेगळे बूट आहेत. स्केटच्या आवृत्तीत झिजणाऱ्या जागी स्वेडखाली (लवदार मऊ कातड्याखाली) रबराचा थर आहे, ज्याला कंपनी ड्युराकॅप म्हणते, आणि आत जाड पॉपकुश इनसोल. स्वेडला भोक पडलं तरी खाली रबर असल्याने मोजा लगेच दिसत नाही. साधी आवृत्ती कॉलेजला घालायला छान, बोर्डवर ती दोन आठवड्यांत टाच ठणकायला लावते. बोर्ड फील दोन्हींत उत्तम. उंच उड्यांना हा बूट नाही.

कॉन्व्हर्सचा चक टेलर प्रो. व्हल्कच, पण पुढे रबरी टोपी. ती टोपी झिजत नाही म्हणून लोक घेतात. ती गुळगुळीत आहे, हे घेतल्यावर कळतं. स्वेडची सवय असलेल्याला किकफ्लिपचा झटका पहिला आठवडाभर निसटता लागतो. करंगळीमागे, टोपी संपते तिथे मात्र हाही इतरांसारखाच जातो.

नाइकी एसबी डंक. डंक हा १९८५ चा बास्केटबॉलचा बूट, एसबी आवृत्ती २००२ पासून. शिवलेला कप, जाड भिंत, चवड्याखाली गोल फिरकीची नक्षी, आणि एसबीच्या इनसोलमध्ये टाचेखाली झूम एअर नावाची हवेची गादी. उड्या मारणाऱ्याच्या टाचेसाठी या यादीतल्या सगळ्यात सुखाच्या निवडींपैकी एक. साध्या डंकमध्ये झूम एअर नसतो, आणि इन्स्टाग्रामवर बहुतेक तोच दिसतो. ताठपणा मोडायला वेळ लागतो.

आदिदास बुसेनिट्झ. कपच, पण फुटबॉलच्या बुटावरून बेतलेला, पुढे निमुळता. चवड्यापाशी पातळ असल्याने कपच्या मानाने लवकर वाकतो आणि बोर्ड फील व्हल्कच्या जवळ जातो. रुंद पंज्याच्या माणसाने आधी घालून बघावा. आपल्याकडे लहानपणापासून चपला घालून पंजा पसरलेला असतो, त्यामुळे हा बूट करंगळीला आवळतो आणि आवळलेल्या जागी स्वेड आधी फाटतं.

एटनीज माराना. कडेचा प्रश्न या बुटाने सरळ हाताळला आहे: तळाचं रबर मिशेलिनबरोबर काढलेलं, आणि रबरी आवरण पुढच्या बाजूने वर चढवून वरच्या भागावरच बसवलेलं. घासलं जातं ते स्वेड नव्हे, रबर. टिकाऊपणाला पहिला नंबर द्यायचा तर इथे. दिसायला मात्र जरा अवजड.

न्यू बॅलन्स न्यूमरिकचा १०१० हा धावण्याच्या बुटासारखा फुगीर फोमवाला. धक्का छान मारतो, पण पाय डेकपासून लांब जातो. ज्याला बोर्ड बोटांनी 'वाचायचा' असतो त्याने याच्या वाटेला जाऊ नये. उलट पस्तिशीनंतर गुडघ्यांशी वाटाघाटी करत स्केट करणाऱ्याला तो वरदान वाटेल.

व्हॅन्सच्याच काइल वॉकर मॉडेलमध्ये वॉफलकप नावाची मधली वाट आहे: आधार कपचा, वाकणं व्हल्कसारखं. दोन्हींतलं सगळं मिळतं असं नाही, पण रस्त्यावर थोडी सपाट जमीन आणि थोड्या पायऱ्या असं मिश्र स्केटिंग असेल तर हा समझोता पटण्यासारखा आहे.

डेकॅथलॉनच्या मालिकांची नावंच घडण सांगतात: व्हल्का म्हणजे व्हल्क, क्रश म्हणजे कप. शिकणाऱ्या मुलाला सहा महिन्यांत पाय वाढून बूट लहान होणारच असेल तर इथून सुरुवात करणं वावगं नाही. इनसोल मात्र लवकर दबतो.

इनसोलबद्दल थोडं सविस्तर, कारण टाचेचं दुखणं बहुतेक वेळा सोलमुळे नसून याच्यामुळे असतं. कारखान्याचा इनसोल बहुधा ईव्हीएचा. नवा असताना गादी, काही आठवड्यांत कागद. ईव्हीएतल्या बंद पेशी वारंवार दाबल्या की फुटतात आणि परत फुगत नाहीत. इनसोल काढून टाच आणि चवड्याच्या जागी चिमटीत धरून बघा, कडेपेक्षा निम्मा झाला असेल तर बदला. पीयूचा इनसोल जड असतो पण बराच जास्त काळ उसळी धरतो. स्केटिंगसाठीच बनलेले, फूटप्रिंट कंपनीच्या किंगफोमसारखे इनसोल हे व्हल्क बुटाला मिळणारं सगळ्यात मोठं अपग्रेड. नवा जाड इनसोल जुन्यावर ठेवू नये, टाच कॉलरच्या वर येते आणि बूट निसटतो. जुना काढूनच नवा घालावा. काही व्हल्क बुटांत तो डिंकाने चिकटवलेला असतो, टाचेकडून हळूहळू सोलून काढावा.

ऑनलाइन मागवताना मापात लोक फसतात. नाइकी आणि व्हॅन्सच्या पुरुषांच्या मापात यूएस आकडा यूकेपेक्षा एकाने मोठा, आदिदासमध्ये अर्ध्याने, आणि कॉन्व्हर्सच्या चक टेलरमध्ये दोन्ही आकडे सारखेच. भारतात यूके माप चालतं. सरळ सेंटिमीटरचा आकडा बघावा, संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असताना मोजावा. व्हल्क पुढे सैल होणार म्हणून नेमका घ्यावा. कपमध्ये जाड इनसोल घालणार असाल तर अर्धा नंबर वर चालेल.

ऊन आणि पाऊस. कपसोल जोडायला वापरलेला पीयू डिंक कारखान्यात ६० अंशांच्या आसपास तापवून जागा केलेला असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत त्याच सुमाराचं तापमान होतं, आणि भिंत सुटलेले अर्धे बूट डिकीतच सुटलेले असतात. पावसाळ्यात भिजलेला बूट हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवू नये. इनसोल आणि नाडी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन-तीन तासांनी बदलावेत, पंख्याखाली ठेवावा. कॅनव्हास रात्रीतून वाळतो, स्वेडला दोन दिवस लागतात आणि मग त्यावर ब्रश फिरवावा लागतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत पीयूचा मिडसोल (तळातला फोमचा थर) असलेला बूट खोक्यात 'जपून' ठेवू नये. पाण्याच्या वाफेने पीयूचे बंध तुटतात, आणि काही वर्षांनी काढला की तळ ढोकळ्यासारखा भुगा होऊन पडतो. सेलमध्ये जुना स्टॉक घेताना हे लक्षात असू द्या.

दुरुस्ती. फॉक्सिंग सुटली तर फेव्हिक्विक नको. ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि चवडा वाकला की तडकतं. टाक्यांवर चालतं, वाकणाऱ्या जोडावर नाही. सुटलेल्या भागातली धूळ स्पिरिटने पुसा, दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, फेव्हिकॉल एसआर ९९८ सारख्या रबरी डिंकाचा पातळ थर दोन्हीकडे लावा, दहा-पंधरा मिनिटं हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, आणि मग एकदाच नेम धरून जोरात दाबा. जाड थर लावून लगेच दाबला तर आतला द्रावक अडकतो आणि जोड दुसऱ्या दिवशी सोलून येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी भोवती आवळून चोवीस तास ठेवा.

भोक पडलं असेल तर शू गू, म्हणजे ट्यूबमधला रबरी डिंक. आतून मोज्याच्या कापडाचा तुकडा लावून, वरून दोन-तीन मिलिमीटरचा थर, ओल्या बोटाने सपाट करून, दोन दिवस वाळू द्यायचा. भोक आरपार होण्याआधी, स्वेड पातळ झालेलं दिसताच लावला तर दुप्पट फायदा.

कपची शिलाई उसवली तर कोपऱ्यावरचा मोची हे काम कुठल्याही ब्रँडपेक्षा चांगलं करतो. त्याला सांगायचं ते इतकंच: जुन्याच भोकांतून आरी घाला, मेण लावलेला नायलॉनचा दोरा घ्या आणि टाका खाचेत बसवा. व्हल्कची पट्टी मात्र त्याच्याकडून शिवून घेऊ नका. ती पातळ असते, आरीच्या भोकांची ओळ पडली की तिकिटाच्या कडेसारखी त्याच रेषेत फाटते. मोचीकाका शिवतो म्हणाले तरी डिंक लावूनच द्या म्हणावं.